मागे घेतलेला निबंध

यामिनी देवधर जबलपूरच्या एका शेतकी महाविद्यालयात पिकांचे रोग शिकवायची. वाटाण्याची मूळकुज थांबवायला बियाण्याला चोळायची एक जैविक भुकटी तिने तयार केली होती. त्यावरचा तिचा शोधनिबंध नावाजलेल्या नियतकालिकात छापून आला आणि गावोगावचे शेतकरी भुकटी मागू लागले.

पुढच्या हंगामात मझौलीच्या शालिग्राम पटेलांचा वाटाणा भुकटी लावूनही मूळकुजीने गेला. यामिनी स्वतः बघायला गेली. रान सखल होतं, सरीत पाणी साचलेलं. तिचे प्रयोग मात्र सगळे उंचवट्यावरच्या रानांत झाले होते. तिने पुन्हा पहिल्यापासून प्रयोग लावले. तेव्हा कळलं, उंचवट्यावर पीक वाचवलं होतं ते पाण्याच्या निचऱ्याने. भुकटीचा त्यात काही हात नव्हता.

चूक कशी झाली ते लिहून तिने निबंध मागे घेतला.

"काहून स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेऊन राहिली तू?" विभागातला सुशांत म्हणाला. "कोणी विचारलं होतं का?"

"शालिग्रामजींनी विचारलं होतं," ती म्हणाली.

पदोन्नती निबंधांच्या गुणांवर ठरायची. मागे घेतलेल्या निबंधाचे गुण कापले गेले आणि फेरप्रयोगांना गुणच नव्हते. सुशांत वर गेला. यामिनी तिथेच राहिली, पुढच्या खेपेलाही. शिक्षकांच्या खोलीत ती शिरली की बोलणं थांबायचं.

मग नियम बदलले. निबंध मोजायचे नाहीत. उमेदवाराने आपलं महत्त्वाचं काम पुढे ठेवायचं आणि समितीने ते वाचायचं. यामिनीने मागे घेतलेला निबंध आणि फेरप्रयोग, दोन्ही ठेवले.

समितीचे अध्यक्ष रत्नाकर पेंडसे मागच्या समितीतही होते. त्यांच्यासमोरच्या कागदांवर जागोजागी पेन्सिलच्या खुणा होत्या.

"यात यश कोणतं धरायचं, मॅडम?"

"यश नाही, सर. सखल रानात भुकटीच्या भरवशावर आता कोणी वाटाणा पेरत नाही. एवढंच."

हेमलता जोग समितीवर बाहेरच्या तज्ज्ञ म्हणून आल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही उंचवट्याचीच रानं काहून निवडली?"

यामिनी म्हणाली, "ती रस्त्याला लागून होती. जायला-यायला सोपं, म्हणून."

हेमलताबाईंनी मान हलवली. मग सखल रानांतल्या प्रयोगांबद्दल त्या बारीकसारीक विचारत राहिल्या. चहा आला तो तसाच निवला.

पदोन्नती मिळाली, पण त्या दिवसापासूनची. मागची वर्षं नियमात बसत नव्हती. सुशांत तिला कायमचा वरिष्ठच राहणार होता. दुपारीच पेंडसे सरांनी तिला बोलावून तसं सांगितलं. ती "जी" म्हणाली आणि वर्गावर गेली.

संध्याकाळी तिचा नवरा श्रीपाद फॅक्टरीतून परतताना बडा फुहाऱ्याच्या बाजारातून खव्याची जिलेबी घेऊन आला.

"चलो, झालं एकदाचं," तो म्हणाला. "आता तरी तोंड गोड कर."

तिने एक तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

"रानं काहून निवडली, ते विचारलं त्यांनी आज," ती म्हणाली. "इतकी वर्षं नोकरी केली मी कॉलेजात. माझ्या कामाबद्दल कोणी पहिल्यांदाच काही विचारलं, श्रीपाद."

तिने पदराने डोळे टिपले. श्रीपादने पुडा बाजूला ठेवला आणि तो तिच्याजवळ बसून राहिला.