तिर्रीची जोडी, तिसरा गुलाम

कवळीवाल्याच्या खोलीत जिकडे बघाल तिकडे दात. फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे आ वासून बसलेले, आणि ज्या टेबलावर एरवी गिऱ्हाइकांच्या कवळ्या घासल्या जात, तिथंच सुट्टीच्या दुपारी पोकरचा डाव पडायचा. पैसे लावून नाही हो! तेवढी कुणाची छाती होती? रंग चुकला म्हणून बाद झालेले नकली दात लावायचे. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावरचे पाच सगळ्यांचे. पहिले तीन उघडले की पैज एका दाताची, चौथ्या-पाचव्या पत्त्याला एका दाढेची. वाढवायचं तर तेवढ्यानंच. त्यामुळे दातांचा ढीग पुढे ढकलून समोरच्याला घाबरवायची सोयच नव्हती.

खेळणारे तिघं. कवळीवाला, त्याचा शेजारी चष्मेवाला आणि शाळेपासूनचा दोस्त भोंगा. भोंगा जन्मभर बस चालवून घरी बसला होता, पण बोलायचा अजून हॉर्न वाजवल्यासारखाच.

उघड्या पत्त्यांत जोडी पडली की भोंगा वाढवणारच, हातात काही असो वा नसो. आणि कवळीवाल्याच्या हातात एवढीशी जोडी असली तरी तो हटणार नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. दोन गुलाम टेबलावर पडले, म्हणजे बाहेर राहिले दोनच. ते नेमके तुझ्याच हातात कशावरून? दाखव! या एका मुद्द्यावर दोघं वर्षानुवर्षं एकमेकांच्या उरावर बसत आले होते.

मग कवळीवाल्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. घरी आल्यापासून तो सारखा जिंकत होता. आधी त्याला वाटलं, नशीब फळफळलं. मग वाटलं, आपला खेळच सुधारला. माणसाला स्वतःबद्दल काय, काहीही पटतं.

त्या दुपारी त्याच्या हातात दोन तिर्र्या आल्या. टेबलावर उघडले दोन गुलाम आणि एक सत्ती. त्यानं एक दात पुढे सरकवला. चष्मेवाल्यानं पत्ते टाकून डाव सोडला, त्यात नवल नव्हतं. तो वारा आला तरी टाकतो. भोंग्याचा हात मात्र दातांकडे गेला, दातांवर टेकला आणि गुपचूप माघारी आला.

"टाकले बाबा," भोंगा हळूच म्हणाला.

भोंगा आणि हळूच! कुठंतरी पाणी मुरतंय, हे कवळीवाल्यानं तिथंच ओळखलं. त्यानं झडप घालून भोंग्याचे टाकलेले पत्ते उलटे केले. एक दश्शी होती. दुसरा किलवरचा गुलाम.

"अरे, टाकलेले पत्ते बघायचे नसतात!" चष्मेवाला ओरडला.

"तू गप! तीन गुलाम होते याच्याकडे, तीन! आणि माझ्या एका दाताला भिऊन टाकले?" कवळीवाल्याचा चेहरा लाल झाला. "म्हणजे इतके दिवस मी जिंकत नव्हतो. तुम्ही मला भीक घालत होता!"

भोंगा खाली मान घालून बसला. आवाज ऐकून कवळीवाल्याची बायको गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन आतून आली. टेबलावर उघडा पडलेला गुलाम बघून तिला सगळं कळलं.

"त्यांच्यावर कशाला डाफरताय? मीच सांगितलं होतं. त्यांनी वाढवलं की तुम्ही पेटता. डॉक्टरांनी काय बजावलंय, ऐकलंय ना?"

"ऐकलंय! जिना चढू नका, मीठ खाऊ नका, चिडू नका. सगळं सोडलं मी, चकार शब्द काढला नाही. हे एक टेबल उरलं होतं. इथं तरी मला माणूस समजतात असं वाटायचं. इथंही लहान मुलासारखं खेळवायचं असेल तर आत्ताच पत्ते जाळा. मला नको असलं जिंकणं!"

त्याला दम लागला. बायको पेला पुढे करायला निघाली, पण त्यानं हातानंच थांबवलं. भोंग्याचे पत्ते त्याच्यापुढे आपटले.

"उचल. वाढव."

भोंग्यानं वहिनींकडे बघितलं. ती कितीतरी वेळ नवऱ्याकडे बघत राहिली. ऑपरेशनच्या दिवशी दाराबाहेर जेवढी घाबरली होती, तेवढीच आत्ता घाबरलेली दिसत होती. शेवटी तिनं पेला फळीवर ठेवला.

"वाढवा भावजी," ती म्हणाली. "दया-माया दाखवू नका."

भोंग्यानं दोन दात टेबलावर असे आपटले की फळीवरचे जबडे थरथरले. "वाढवलं! बोल आता!"

कवळीवाल्यानं दोन्ही तिर्र्या पुन्हा एकदा उचलून बघितल्या. मग शांतपणे टाकून दिल्या.

"टाकल्यास?" चष्मेवाल्याला राहवेना. "अरे, एवढं घर डोक्यावर घेतलंस आणि टाकल्यास?"

"मग काय करू? त्याच्याकडे तिसरा गुलाम आहे, दिसत नाही? ऑपरेशन छातीचं झालंय, डोक्याचं नाही."

भोंगा त्याच्या जुन्या आवाजात गरजला, "तिर्र्या घेऊन गुलामांशी पंगा घेतो, टोणगा! हरलास लेका, पार झोपलास!" आणि मधले सगळे दात ओंजळीनं स्वतःकडे ओढले.

"हरलो!" कवळीवाला खुर्चीतून अर्धा उठला. "ऐकलंस का गं? हरलो मी!"

"ऐकलं," बायको डोळे पुसत म्हणाली. "शेजाऱ्यांनीही ऐकलं. सरका जरा, मलाही पत्ते वाटा."