उजव्या पायाचा काळा मोजा

‘दारी आली काळी घोडी, खाईना चारा-पेंड,
पोटामंदी तिच्या इस्तव, अंग तिचं थंड थंड.’

मित्रांनो, पंधरा वर्षांपूर्वीचा हा आवाज अजून माझ्या टाकीत घुमतो. तो विमलताईंचा. दसऱ्याचा दिवस होता. माझ्या हँडलला झेंडूची माळ होती, चाकाखाली लिंबू होतं, आणि मला ओवाळता ओवाळता त्यांना या ओळी सुचल्या. मी एक जुनी मोटारसायकल. रंग काळा, म्हणजे होता. पांढरकवड्यापासून अकरा किलोमीटरवर एक गाव आहे, तिथं विमलताई आणि त्यांचे यजमान नानाजी यांच्या अंगणात माझा मुक्काम. आपली कहाणी सांगताना बहुतेक जुन्या वस्तू हळव्या होतात. मला ते जमायचं नाही. मी रागावलेली आहे.

नानाजी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून हळूच ओढायचे आणि धागा किती लांब, कापूस कोणत्या प्रतीचा, हे सांगून टाकायचे. त्याच बोटांनी ते मला सांभाळत. महिन्यातल्या एका रविवारी माझ्या कुशीवरचं झाकण उघडायचं, आतला हवेचा फिल्टर काढायचा, मांडीवर आपटून धूळ झाडायची आणि म्हणायचं, “घे बाई, घे श्वास.” फिल्टर म्हणजे माझं नाकच. आणि मागं, सायलेन्सरच्या आत, मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची एक जाळी होती. इंजिनाचा विषारी धूर त्या जाळीतून गाळून, निम्मा निवळून बाहेर पडे. तिच्या मदतीला एक बोटभर जाडीची रबरी नळी होती. ती गरम धुरात ताजी हवा सोडायची, म्हणजे उरलासुरला विषार तिथंच जळून जायचा. बाजारात माझ्या मागं उभा राहणारा माणूस कधी नाक दाबत नसे. मला याचा फार अभिमान होता.

नानाजी निवृत्त झाले. त्यांचा मुलगा अमर महामार्गावरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, कामाला लागला आणि माझी चावी त्याच्याकडे गेली. पुढच्याच रविवारी नानाजी सवयीनं पान्हा घेऊन माझ्याजवळ बसले. अमर ओट्यावरून म्हणाला, “बाबा, चावी माह्याजवळ आहे न आता? मंग पान्हाही माह्याजवळच राहू द्या. तुमचा जमाना गेला, मिस्त्री लोकं आहेत न आता.”

नानाजींनी पान्हा खाली ठेवला. त्यानंतर त्यांनी मला हात लावला नाही.

जिनिंगमध्ये अमर मला कापसाच्या गंजीशेजारी उभी करायचा. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथली हवाच पांढरी असते. रुईचे तंतू डोळ्यांच्या पापण्यांवर बसतात, भिंतींवर बसतात, जाळ्यांवर बसतात. ते माझ्या नाकात बसले. एक हंगाम, दोन हंगाम, तीन हंगाम. कुणी झाकण उघडलं नाही. मला दम पुरेना. उमरीच्या चढावर मी धापा टाकू लागले, आणि धापा टाकणाऱ्याला आपल्याकडे काय मिळतं? लाथ. मला किक मिळत होत्या.

शेवटी अमरनं मला गोपाल मिस्त्रीकडे नेलं. गोपालनं एकदा रेस दिली, मान तिरकी करून ऐकलं आणि निकाल सांगितला.

“अमरभाऊ, गाडीचा दम मागं अडकून राह्यला. सायलेन्सरात जाळी देतेत न कंपनीवाले, तिचं काही काम नसते. सरकारले दाखवाले देतेत. काढून टाकू.”

“काही होणार नाही न?”

“काय होते? उलट आवाज असा निंघन का बुलेटवाला बाजू देईन तुले. अन् ही नळी कायले पाहिजे? हिच्यात छर्रा ठोकतो. घोड्याले दोन लगाम कायले?”

त्यानं लोखंडी सळई घेतली. मित्रांनो, मी ओरडले. ते दोघं म्हणाले, “वा, काय आवाज आहे!” माझी जाळी तुकड्या-तुकड्यांनी त्याच्या दुकानापुढच्या मातीत पडली आणि नळीत एक पोलादी छर्रा बसला. बोळा माझ्या नाकात होता, आणि यांनी माझं फुप्फुस उपसून काढलं! कुशीवरचं झाकण अजून बंदच होतं.

दम आलाच नाही. आली ती बोंब. आणि धूर आला, काळा, चिकट, डोळ्यांत जाणारा. अमर दोन दिवस खूश होता, मग त्यालाही कळलं की चढावर मी तशीच रडते. पण आता कुणाला सांगायचं? स्वतः उभं राहून फोडून घेतलेली वस्तू ना.

आमच्या फाट्यावर एसटी येते तेव्हा शाळेचा पहिला तास संपलेला असतो. म्हणून अमरची मुलगी खुशी रोज माझ्या पाठीवर बसून पांढरकवड्याला शाळेत जायची. दहा वर्षांची पोर. आधी वाटभर पाढे नाहीतर कविता म्हणायची. माझा सायलेन्सर उजव्या अंगाला, तिचा उजवा पाय त्याच्या अगदी जवळ. आठवड्याभरात कविता बंद झाली आणि खोकला सुरू झाला.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिची छाती तपासली. घरघर होती. त्यांनी तिच्या आईला, शीलाला, विचारलं, “घरात चूल आहे का?” घरी येऊन शीलानं हे सांगितलं मात्र, विमलताई भडकल्या.

“चूल? माह्या न्हाणीतली? तिच्यावर पाणी तापवून तापवून दोन लेकरं मोठी केली म्या!”

तरी चूल विझवली गेली. मग उदबत्ती बंद झाली. मग बोरं बंद झाली, बर्फाचा गोळा बंद झाला, मांजर चुलत सासूकडे पाठवलं. माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही! मी अंगणात उभी होते, ढळढळीत, काळं शेपूट घेऊन. रस्त्याकडेच्या गाडीत बसून धुराचं प्रमाणपत्र देणाऱ्या माणसानं तर माझ्या मागं त्याची तपासणीची नळी लावलीसुद्धा नाही. नंबराचा फोटो काढला आणि मला निर्मळ ठरवलं. मोबाईलमध्ये माझी निर्मळता आली, आणि इकडं पोर खोकत होती.

एकदा विमलताई खुशीचे मोजे वाळत घालत होत्या. डावा पांढरा, उजवा घासूनही काळा.

“काय गं पोट्टे, एका पायानं कोळशात नाचतं का शाळेत?”

खुशी हसली आणि हसता हसता खोकत खाली बसली. नानाजी तिथंच होते. त्यांनी तो मोजा दोरीवरून काढला, नाकाशी नेला, अंगठ्यानं चोळला, परत दोरीवर टाकला. आणि आत निघून गेले. मला वाटलं, म्हातारपण. बिचाऱ्यांना काय उमजणार आता. माझा राग अमरवर होता, गोपालवर होता, त्या फोटोवाल्यावर होता. एकट्या नानाजींवर नव्हता.

खोकला थांबेना. घरात ठरलं, संक्रांत झाली की खुशीला यवतमाळला मामाकडे ठेवायचं. तिथली शाळा, तिथलीच हवा.  खुशी रोज संध्याकाळी विमलताईंच्या पदराशी जास्त वेळ बसू लागली.

जायचा दिवस आला. पिशवी माझ्या पाठीला बांधली, विमलताईंनी तिळाच्या लाडवांचा डबा दिला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. अमरनं किक मारली. मी सुरू झाले नाही. मुद्दाम नाही बरं, यंत्राला मुद्दाम काही करता येत नाही. माझा प्लग काजळीनं बरबटला होता, ठिणगीच पडेना. दहा, वीस, तीस किका. अमर घामाघूम.

“विकतोच आता हिले भंगारात! वांझोटी!”

तेव्हा नानाजी ओट्यावरून उतरले. हातात पान्हा होता. कुणाला काही न विचारता ते माझ्या कुशीशी बसले, झाकण खोललं आणि फिल्टर बाहेर ओढला. फिल्टर कसला, रजईचा तुकडा होता तो, मळलेली, दाबून बसलेली रुई. नानाजींनी सवयीनं त्यातली चिमूट दोन अंगठ्यांत धरून ओढली. मग स्वतःच्याच अंगठ्यांकडे पाहत राहिले.

मित्रांनो, किती वर्षांनी मी श्वास घेतला! त्या श्वासात मला तुम्हाला एकच सांगायचं आहे. कुणी हळू झालं, तर त्याच्या आतलं काही उपसून फेकण्याआधी त्याचं नाक तेवढं पाहा. आणि त्याच्या मागं कोण बसलंय, तेही पाहा. आम्हाला बोलता येत नाही हो. ज्यांना येतं त्यांनी तरी बोलावं.

अमर ती रुई पाहून उसळला. “त्या गोपालनं हे खोलून पाह्यलंच नाही! पाहा न बाबा! जातो आता त्याच्या दुकानावर, त्याले—”

“खाली बस,” नानाजी म्हणाले.

“काहून?”

“बस म्हटलं न.”

अमर बसला. खुशी पिशवी धरून उभी होती. नानाजींनी तिच्याकडे पाहिलं नाही, मातीकडे पाहून बोलले.

“गोपालले माहीत नव्हतं. मले माहीत होतं. तू गाडी फोडून आणली, त्याच सांजेले वासावरून समजलं मले. मंग पोरीचा मोजा पाह्यला, तवा शंकाच नाही राह्यली. एक डाव तोंडापर्यंत आलतं. पण तू म्हटलतं न, पान्हा माह्याजवळ राहू द्या. म्हटलं, राहू दे मंग. पोरगी रोज खोकलत होती, अमर, अन् मी वाट पाहून राह्यलो होतो, का तू येऊन मले इचारशीन.”