हृदयाचं पील

बापाने हृदयाच्या गोळ्या परस्पर बंद केल्यात, हे मयुरीला यावलच्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या कळलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. आई, कुंदाबाई, पदराने डोळे पुसत सांगत होती. बापाच्या, तोतारामच्या, पायांवर सूज, चार पावलं टाकली की धाप, तरी गडी ऐकेना. का, तर जळगावात मयुरीचा मावसभाऊ हितेंद्र याने सेंटर उघडलं होतं आणि तिथे बापाने मूळपेशींचं इंजेक्शन घेतलं होतं. आता म्हणे हृदय नव्याने उगवणार. अरे, हृदय आहे का दुधीभोपळा!

मयुरी पुण्याच्या प्रयोगशाळेत हेच काम करायची. कुठल्याही अवयवाच्या होऊ शकतील अशा मूळपेशी घ्यायच्या, वेळच्या वेळी ठरलेली औषधं घालून त्यांच्या हृदयस्नायूच्या पेशी बनवायच्या. साधलं तर बशीतला तो पातळ थर आपसूक धडधडायला लागतो. पहिल्यांदा साधलं तेव्हा तिला रडू फुटलं होतं, आणि तिने त्या धडधडत्या बशीची क्लिप कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकली होती. त्यातली एकही पेशी बशीबाहेर माणसापर्यंत गेलेली नव्हती.

पण बाप पडला केळीवाला. बाटलीत वाढवलेली टिश्यू कल्चरची रोपं लावून त्याने बाग उभी केलेली. बाटलीतून केळ येते, तर हृदयाने काय घोडं मारलंय? गोळ्या सोडण्यामागेही त्याचा हिशोब पक्का होता. बुंध्याशी नवा कोंब, म्हणजे पील, राखला, की जुन्याला कोणी पोसत नाही.

"पील धरल्यावर जुन्या खोडाले खत कोन घालते व?" तो हसत म्हणाला. मयुरीने पुढे केलेली गोळी त्याने तशीच परत डबीत टाकली.

दुसऱ्या दिवशी तो गावातली हृदयाची दुखणी असलेली माणसं इंजेक्शनसाठी गोळा करून जळगावला निघाला, तशी तीही गाडीत बसली. सेंटरमध्ये उदबत्तीचा धूर कोंडला होता. भिंतीवरच्या टीव्हीत तिचीच बशी धडधडत होती, तिचीच बोटं कडेला दिसत होती, आणि काचेवर कोणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं. शी!

हितेंद्र मावा चघळत आला. तिच्यामुळेच दुकान चाललंय, असं कौतुकानेच बोलला. सुईत काय असतं, असं तिने विचारलं तर खांदे उडवले. सलाईन असेल, एखादं व्हिटॅमिन असेल. अपाय तर होत नाही ना, लोकांना तेवढीच आशा. सख्ख्या मावशीच्या नवऱ्याला हे टोचलं होतं मेल्याने, आणि तोंडाची लाळ पुसत हसत होता. त्याचा हात खांद्यावर पडला तेव्हा कुजकं काही अंगाला लागावं तसा तिने तो झटकला. तिने टीव्ही बंद केला.

"ती क्लिप माझी आहे," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "पेशी मी बनवल्यात. इथे त्यातलं काही नाही. बाबा, तुमच्या अंगात पाणी गेलंय."

 तोतारामने हात पुढे केला. मयुरीने गोळी ठेवली, ती त्याने पाण्याशिवाय गिळली. उठला, धापा टाकत आपण आणलेल्या एकेकापुढे उभा राहिला आणि घरी चला म्हणाला. चूक माझी, पाया पडतो, असंही म्हणाला.

कोणी हललं नाही. त्यांच्यातल्या बेबाबाईने आपल्या नवऱ्याचा दंड घट्ट धरला. त्या माणसाचे ओठ निळे पडले होते.

"तुमचं टोचून झालं, भाऊ," ती म्हणाली. "आता आमच्या खेपेले पानी निंघालं का?"

हितेंद्रने रिमोट उचलला आणि टीव्ही पुन्हा लावला.