उद्घाटनाची सर्व्हिस

पांडेसऱ्यात आमच्या मंडळाच्या व्हॉलीबॉल स्पर्धेचं उद्घाटन प्रमुख पाहुण्यांच्या सर्व्हिसने होतं. यंदाचे पाहुणे अरविंदराव, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना एकच हवं होतं: मागच्या वर्षीच्या पाहुण्यांपेक्षा झकास फोटो.

त्यांची मुलगी श्वेता फिजिओथेरपिस्ट. ती म्हणाली, "बाबा, खालून हात फिरवून मारा. डोक्यावरून मारायचं तर जोर पायातून, कमरेतून यावा लागतो. तुम्ही सगळा भार खांद्यावर टाकाल. खांद्याची खोबण उथळ असते हो, दुखावेल."

"खालून मारलेलं फोटोत कसं दिसेल?" अरविंदराव म्हणाले.

त्यांनी हात मागे नेला, उडी मारल्याचा आव आणला आणि चेंडू हाणला. चेंडू जाळीपर्यंत गेला नाही. किंकाळी मात्र पलीकडे पोचली. पंचांनी शिष्टाचार म्हणून गुण दिला, टाळ्याही पडल्या. श्वेता धावत आली. "बाबा, आता हात अजिबात वर नेऊ नका!"

तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, "सॉरी काका, माझं लक्ष बॅनरकडे होतं. फिर से एक बार!"

अरविंदरावांनी डाव्या हाताने उजवं कोपर धरलं, दात-ओठ खात हात वर चढवला आणि लेकीला म्हणाले, "तू जरा बाजूला हो गं, फोटोत येतेस."