घरकुल सांगणारा नारळ

सकाळचे दहा वाजले नव्हते, तरी गंगारामाच्या घरापुढच्या खळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आचऱ्याहून माणसं आली होती, देवबागेहून एक टेम्पो भरून आला होता, आणि प्रत्येकाच्या हातात शेंडी राखून सोललेला एकेक नारळ होता. खळ्याच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर वाघाच्या कातड्याचं चित्र छापलेली चादर, आणि चादरीवर घरकुलबाबा.

घरकुल म्हणजे सरकारी योजनेतलं पक्कं घर. ते कुणाला मिळणार आणि कधी मिळणार, हे बाबा नारळ कानाला लावून सांगत. भक्ताने नारळ द्यायचा, आपलं पूर्ण नाव सांगायचं. मग बाबा डोळे मिटणार, नारळ हलवणार, आतल्या पाण्याशी काहीतरी कुजबुजणार आणि निकाल देणार. दक्षिणा नाही. फक्त नारळ तिथेच ठेवून जायचा. दर शनिवारी ते नारळ कुडाळच्या बाजाराला जात, पण तेवढं कुणी मनावर घेत नव्हतं.

सुरुवात गाऱ्हाण्याने होई. गाऱ्हाणं आमच्याकडे देवळात घालतात, पण बाबांनी ते तालुका कार्यालयाच्या मापाने बेतून घेतलं होतं.

"बा देवा म्हाराजा, आज जी काय ही तुझी लेकरां घरकुलाची आस धरून इली हत, त्यांचो अर्ज खंय टेबलार अडाकलो आसात, तर तो सुटूं दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," खळं गरजलं.

"कोणाच्या सातबाऱ्यार बेचाळीस हिस्सेदार आसतीत, तर त्या बेचाळिसांक एकच बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

माझ्या स्वतःच्या सातबाऱ्यावर एकतीस हिस्सेदार आहेत. त्यामुळे ह्या ठिकाणी, बाबांवर तिळमात्र विश्वास नसूनही, मीही मनापासून ओरडलो.

मी मंगेश. ग्रामपंचायतीच्या भिंतीला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गावातला प्रत्येक अर्ज माझ्या काचेवरून जातो, त्यामुळे गावात काय चाललंय ते मला सगळ्यांच्या आधी कळतं, अशी माझी समजूत होती. बाबा लबाड आहे हे मी महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होतो. गिऱ्हाइकं ऐकून घेत, कागद उचलत आणि नारळ घ्यायला जात. कारण बाबांचं बोलणं खरं ठरत होतं. आल्या आल्या त्यांनी तीन नावं सांगितली होती: लवू, हवाबी आणि बाबली. आठ दिवसांत तिघांच्याही घरकुलांची मंजुरी आली. बाबली तर तेव्हापासून बाबांच्या खुर्चीमागे पंखा घेऊन उभा होता. हवाबी मासे विकता विकता बाबांचं नाव घेई, आणि लवूने दारूही सोडली होती, निदान दुपारपर्यंतची.

मला हे सगळं करमणुकीचं वाटलं असतं, पण मध्ये रुक्मिणीकाकी होती.

आषाढात काकीच्या घराची मागची भिंत बसली. भिंतीबरोबर अर्धं छप्पर खाली आलं. तेव्हापासून ती शेजाऱ्यांच्या पडवीत एका खाटेवर राहत होती आणि जेवण करायला आपल्याच पडक्या घरात, निळ्या ताडपत्रीखाली जात होती. माझी चूल माझ्याच घरात पेटली पाहिजे, म्हणे. दोन वर्षांपूर्वी तिने घरकुलासाठी अर्ज केला होता. तिच्या कागदांच्या झेरॉक्स मी तीन वेळा काढल्या होत्या.

तिचा नारळ बाबांनी खूप वेळ ऐकला आणि दीर्घ सुस्कारा सोडला. तुझं घर निघालेलं आहे, पण सरकारी उंबऱ्याखाली वाट अडवणारा एक आडवा बसला आहे, असं त्यांनी सांगितलं. एकवीस दिवस त्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, कागदाला हात लावायचा नाही, आणि कार्यालयातून फोन आला तर उचलायचा नाही. काकीने हे व्रत जिवापाड पाळलं. माझ्या दुकानासमोरून जातानाही ती रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जाई.

तर त्या दिवशी, काकीच्या व्रताच्या अठराव्या दिवशी, मी दुपारी अडीचला खळ्यातून दुकानात आलो तेव्हा इफ्राबाई प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या. त्या आमच्या शाळेत चौथीला शिकवतात. मी मशीन सुरू केलं आणि बाबांच्या नावाने शिमगा सुरू केला. त्यांनी तो दोन पानं होईपर्यंत ऐकला.

"मंगेशभाऊ, नारळ जर बोलता," त्या म्हणाल्या, "तर बाबा नाव कित्याक ईचारतत? नाव नारळानच सांगूक होया."

मी मशीन थांबवलं. महिनाभर मी बाबांना शिव्या घालत होतो, पण हा साधा प्रश्न मला पडला नव्हता. नाव लागतं, म्हणजे बाबांकडे कुठेतरी नावांची यादी आहे. आणि यादी असलीच, तर ती ग्रामसेवकानेच फोडली असणार. आम्ही दोघं तडक शेजारी ग्रामपंचायतीत गेलो.

ग्रामसेवक विनीत नवा होता, शिकलेला होता आणि चटकन दुखावणारा होता. मी यादी फुटल्याचं म्हटल्याबरोबर त्याने पेन टेबलावर ठेवलं.

"यादी गोपनीय नाही. कुणाच्या घराची अवस्था किती वाईट, त्या क्रमाने ती लागते, आणि नियमाप्रमाणे ती सूचना फलकावर प्रसिद्ध केलेली आहे."

"फलक कुठे आहे?" इफ्राबाईंनी विचारलं.

विनीत उठला. कार्यालयाचं दार सताड उघडं होतं. त्याने ते पुढे ओढून बंद केलं, आणि दारामागच्या भिंतीवर फलक दिसला.

पंधरा वर्षं मी त्या कार्यालयात रोज दोनदा जातो. हा फलक मी कधी पाहिला नव्हता, कारण कार्यालय उघडं असलं की दार फलकावर, आणि कार्यालय बंद असलं की आत कुणी नाही. आमच्या गावात सरकारी सूचना वाचण्याचा अधिकार फक्त पालीला होता.

विनीतने मोबाइलवर फलकाचा तारीखवार फोटो दाखवला. प्रसिद्धी झाल्याचा पुरावा म्हणून तो वर पाठवलेला होता. दार बंद करून काढलेला.

"हा फलक कुणी बघितला होता?" मी विचारलं.

विनीतने आठवून पाहिलं. "ते महाराज आले होते एकदा. मोरीत जायचं म्हणाले. मोरीचं दार या दाराच्या मागे आहे, त्यामुळे हे ओढून घ्यावं लागतं. बाहेर आल्यावर ते बराच वेळ फलकासमोर उभे होते. मला वाटलं, ध्यान करतायत."

यादीत सत्तावीस नावं होती, आणि ज्याच्या कागदात चूक त्याच्या नावापुढे तसा शेरा. पहिली तीन: लवू, हवाबी, बाबली. चौथं रुक्मिणीकाकीचं. खाली टीप होती, की यंदा गावाला चार घरं मंजूर असून सतरा सप्टेंबरला संध्याकाळी पाचपर्यंत ताजे कागद न दिल्यास पुढच्या क्रमांकाचा विचार होईल. पाचव्या क्रमांकावर गंगाराम होता.

बाबा महिनाभर गंगारामाच्या घरी सुरमई खात होते आणि यंदाच तुझा नंबर लागतो, असं त्याला रोज सांगत होते. आता ते खरं व्हायचं, तर वरच्या चौघांतलं कुणीतरी गळायला हवं होतं. तिघांची नावं बाबा आधीच सांगून बसले होते. उरली होती काकी.

"मी त्यांना तीनदा फोन केला," विनीत म्हणाला. "शिपाई पाठवला, तर त्यांनी पडक्या घरात शिरून पुढच्या दाराला आतून कडी लावली."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर सतरा सप्टेंबर होती. घड्याळात पावणेतीन वाजले होते.

मी मोबाइलवर यादीचा फोटो काढला आणि आम्ही खळ्यात धावलो. काकी पुढच्याच रांगेत बसली होती. मी तिच्या कानात सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबान सांगल्यान हा, अजून तीन दिवस." मी आवाज चढवला तशी तिने दोन्ही कान झाकून घेतले. इफ्राबाई तेवढ्यात बाबांपुढे नारळ घेऊन उभ्या राहिल्या होत्या.

"नाव?" बाबा म्हणाले.

"नाव नारळाक ईचारा," बाई शांतपणे म्हणाल्या.

बाबांनी नारळ कानाला लावला. हलवला. दुसऱ्या कानाला लावला. शेवटी नारळ निजलेला आहे, असं त्यांनी जाहीर केलं.

"म्हणजे नाव सांगल्याशिवाय नारळ बोलना नाय?" बाईंनी विचारलं.

"व्हय म्हाराजा," मागून दोघा-तिघांनी सवयीने साथ दिली.

हसं झालं, पण तेवढ्याने श्रद्धा हलत नाही. नारळच खराब असेल, असं बाबली म्हणाला. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. माझ्या खिशात दुकानातला स्टेपलर होता. मी तो काढला, खुर्चीशेजारच्या बाकावर चढलो, स्टेपलर कानाला लावला आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलकडे चोरून बघत बोलायला लागलो.

"देवेश, तू अकरावो. यंदा नाय. सारिका, तू सातवी, आणि तुझ्या जॉबकार्डाचो नंबर चुकीचो पडलो आसा, तो आदी सुधारून घे. अनिश, तू सोळावो, आणि तुझ्या आधाराचो फोटो दिसना नाय."

सारिका रडायलाच लागली, कारण जॉबकार्डाची भानगड तिच्या नवऱ्यालाही माहीत नव्हती. बाबलीने पंखा खाली ठेवला आणि माझे पाय धरले. मागच्या बायका हात जोडून पुढे सरकल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, की मंगेशाच्या आज्याच्याही अंगात यायचं.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. गावाने एवढ्या मानाने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. आणखी दोन मिनिटं गेली असती, तर मी बाबांना खुर्चीवरून उठायला सांगितलं असतं. बाबा कसे तयार होतात ते मला त्या बाकावर उभ्या उभ्या कळलं: अर्धं काम लबाडाचं, आणि अर्धं आपलं.

इफ्राबाईंनी माझ्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि वर धरला. "हे सगळा ग्रामपंचायतीच्या दारामागे चिकटवलला आसा. बाबान ता वाचल्यानी. मंगेशभाऊन ता वाचल्यानी. तुमी पण वाचा, चला."

सगळे निघाले. कार्यालयात एका वेळी दहाच माणसं मावत. दहा आत जात, दार बंद होई, वाचून दहा बाहेर येत. हवाबी बाहेर आली ती म्हणाली, की माझं घर तर मे महिन्यापासूनच माझं होतं, मग मी बाबांना एवढे पापलेट कशासाठी दिले? ह्या गडबडीत बाबा कधी निघून गेले ते कुणाला कळलं नाही. चादर राहिली होती.

काकी मात्र उंबऱ्याबाहेर उभी होती. पाय उचलत नव्हता. इफ्राबाईंनी तिला ओढलं नाही, समजावलंही नाही. फक्त सांगितलं, की आत चौथ्या ओळीत तुमचं नाव आहे, ते तुमच्या डोळ्यांनी बघा. काकीने डोळे मिटले, उंबरा ओलांडला, आणि आत जाऊन बोट ठेवत ठेवत चौथी ओळ वाचली. मग तिने विनीतला विचारलं,

"ही यादी कधीपासून हंय आसा?"

"मे महिन्यापासून, काकी."

"माझी भिंत पडली आषाढात. आषाढापासून मी चार येळा ह्या कचेरीत इलंय, तुमच्या म्होरल्या ह्याच खुर्चेर बसलंय." ती माझ्याकडे वळली. "मंगेशा, तुझा दुकान तर भिंतीक लागान. तुका पण कधी बघूचा सुचूक नाय?"

विनीत खाली बघायला लागला. मीही. बाबाने तिला अठरा दिवस अडवलं होतं, पण त्याच्या आधीचे महिने आमचे होते. काकी कागद आणायला गेली आणि मी मशीन सुरू करायला दुकानाकडे पळालो.

झेरॉक्सचं मशीन त्या दिवशी तापून दोनदा बंद पडलं. काकीचे कागद चार वाजून चाळीस मिनिटांनी विनीतच्या टेबलावर पडले आणि त्याने तिच्यासमोर पोच दिली.

आता काकीचं घर पायाच्या वर आलं आहे. चिऱ्याच्या चार थरांपर्यंत भिंती चढल्या आहेत. मागच्या ग्रामसभेत ती उठली आणि म्हणाली, की यादी मी वाचणार. चष्मा लावून, अडखळत, तिने सत्तावीसच्या सत्तावीस नावं शेऱ्यांसकट वाचली. वेळ फार गेला, दोघं जण चहाला उठले, तर तिने त्यांना परत बसवलं. मग म्हणाली, "घर कोणाक मेळतला ह्या सांगूक देव लागना नाय. कागद लागता, आणि तो सगळ्यांचो आसता. वाचूक येता त्यानी वाचूचा, येना नाय त्यानी वाचून घेवचा, आणि कोण नाव विचारून भविष्य सांगूक लागलो, तर तेका तेचा कागद दाखव म्हणान सांगूचा."

गंगाराम मागच्या खांबाला टेकून उभा होता. बाबा गेल्यापासून तो कुणाशी डोळा भिडवत नव्हता. काकीने चष्म्यावरून त्याला शोधून काढलं.

"गंगारामा, पुढच्या खेपेक पयलो नंबर तुझो आसा. कागद धा तारखेच्या आदी दी. माका कोणी सांगूक नाय, म्हणान तुका सांगतंय."