दाजींना जमलं

“दाजी, आता कुणीही तोंड उघडणार नाही. तुम्ही आणि पेटी, बस्स. जमलं तर बाजारात, नाही जमलं तर सगळं उसवून पुन्हा पहिल्यापासून.”

एवढं बोलून भोंगा मागे सरकला. भोंगा म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. लहानपणी तो घरात बोलला की गल्लीच्या टोकाला कळायचं, म्हणून हे नाव. बाहेर त्याला सगळे सर म्हणायचे. त्याच्या ऑफिसातल्या लांबड्या टेबलाभोवती बारा-पंधरा माणसं उभी, सगळी कडक इस्त्रीची, आणि मधे मी, नखांत वार्निश घेऊन बसलेला. माझं मोटारी बांधायचं दुकान आहे. पंपाची, पंख्याची जळकी मोटार येते, जुनी तार काढायची, नवी भरायची, वर वार्निश द्यायचं. चौथीनंतर शाळेशी माझं पटलं नाही, तारेशी पटलं.

समोर पेटी. पांढरी, चपलांच्या खोक्याएवढी, आत सात कप्पे, वाराला एक. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात म्हणून केलेली. वेळ झाली की ओरडणार, त्या वाराचा दिवा लागणार. गोळी घेतली की लांब राहणाऱ्या मुलाला फोनवर कळणार. ऐकायला सोपं. पण आधी वेळ लावायची तर तीन बटणं होती आणि ती ठरल्या क्रमाने, मोजून दाबावी लागायची.

मी दाबली. कुठेही अडलो नाही. पेटी ओरडली, दिवा लागला.

“बघितलंत?” भोंग्याने टाळी वाजवली. “दाजींना जमलं म्हणजे जगाला जमलं!”

सगळे हसले. मीही हसलो. इतकं खोटं मी जन्मात हसलो नव्हतो.

आता हे कळायचं तर थोडं मागे जायला हवं. भोंगा विशीत कॉम्प्युटर विकायला लागला. लोक तेव्हा त्या यंत्राला हात लावायला भ्यायचे. हा पिशवीत माहितीपत्रकं घेऊन ऑफिसांचे जिने चढायचा, दारातून हाकलला जायचा आणि संध्याकाळी माझ्या दुकानात स्टुलावर येऊन बसायचा. मी तार भरत असायचो. हा पत्रक मोठ्याने वाचायचा, पण डोळे माझ्या हाताकडे.

“दाजी, हात थांबला. कुठे अडलं?”

“क्षमता म्हणजे काय रे?”

“किती मावतं ते.”

“मग किती मावतं असं म्हण की लेका! विकायचंय का घाबरवायचंय?”

तो चटकन शब्द खोडायचा. दोन-तीन वर्षांत त्याची पत्रकं अशी झाली की ऑफिसातला शिपाईसुद्धा वाचून साहेबाला समजावून सांगायचा. भोंग्याची पिशवी सुटली, खुर्ची आली. खुर्चीची केबिन झाली. मग मोठ्या कंपनीत सगळ्या जाहिरातींचा प्रमुख झाला, स्टेजवरून बोलायला लागला. पण नवं काही लिहिलं की गाडी माझ्या दुकानापुढेच थांबायची. मला त्याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू! गिऱ्हाईक उभं असलं तर मी मुद्दाम म्हणायचो, “जरा थांबा, साहेबांचं काम चाललंय.”

मग त्याने पुस्तक लिहिलं. साध्या माणसाला यंत्र कसं विकावं, यावर. पहिली प्रत त्याने आपल्या ताईला दिली. जेवणं झाल्यावर ही मला वाचून दाखवायला बसली. तिसऱ्या प्रकरणात तिचा आवाज खाली गेला.

“अगं, वाच की.”

“‘माझ्या नात्यात एक अडाणी माणूस आहे. कुठलंही नवं यंत्र मी आधी त्याच्या हातात देतो. त्याला कळलं की कुणालाही कळतं.’” तिने पुस्तक मिटलं. “प्रेमाने लिहिलंय हो त्याने.”

“मी कुठे काय म्हणतोय?”

खरंच काही म्हटलं नाही. खोटं लिहिलं असतं तर जाऊन कॉलर धरली असती. खऱ्याशी कसं भांडणार? पण पुस्तक खूप खपलं. पंखा दुरुस्तीला घेऊन आलेला मास्तर म्हणाला, “पुस्तकातले अडाणी ते तुम्हीच ना?” आणि कौतुकाने हात मिळवला. मी हात पुसून पुढे केला. आत काहीतरी बसलं ते बसलंच.

त्यानंतर सासूबाई गेल्या. एकट्या राहायच्या. रक्तदाबाच्या गोळ्या आठवडाभर घ्यायच्या राहून गेल्या होत्या. पाकीट भरलेलं सापडलं. भोंगा ते पाकीट हातात घेऊन बसला होता. वर्षभरात त्याने नोकरी सोडली आणि ही पेटी करायला स्वतःची कंपनी काढली.

पेटी तयार झाल्यावर शुक्रवारी मला तपासणीला बोलावलं. मी गुरुवारी दुपारीच गेलो.

“काका, सर बाहेर गेलेत,” फोन घेणारी पोरगी म्हणाली.

“म्हणून तर आलो. बाळ, ती पेटी जरा शिकव. आणि हे आपल्या दोघांत.”

पहिल्यांदा काही कळलं नाही. दुसऱ्यांदा अर्धं. तिसऱ्यांदा मी ते तारेच्या वेढ्यांसारखं मोजून घेतलं, तीन वेळा हे, मग धरून ठेवायचं, मग दोनदा ते. चौथ्यांदा डोळे मिटून केलं. पोरगी म्हणाली, “काका, तुम्ही तर हुशार निघालात!” त्या एका वाक्यावर मी चालत घरी आलो, बस घेतली नाही.

पेट्या बाजारात गेल्या आणि परत यायला लागल्या. म्हाताऱ्यांना वेळच लावता येईना. काहींनी कपाटात ठेवल्या, काहींनी मुलांना शिव्या घातल्या. भोंग्याने पेटी दहादा खोलली. आवाज बदलला, दिवा मोठा केला, पेटी तयार करणाऱ्या इंजिनियर मुलीला सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलला, ती नोकरी सोडून गेली. फक्त बटणांना त्याने हात लावला नाही. का, तर बटणं दाजींच्या हातून पास झाली होती. मी मूग गिळून बसलो. आज सांगू, उद्या सांगू करता करता ऑफिसला कुलूप लागलं.

दोन वर्षांनी तो दुकानात आला. गाडी नव्हती. केस पिकलेले. स्टुलावर बसला, पिशवीतून कागद काढले.

“कंपनी का बुडाली त्याच्यावर लिहितोय दाजी. बघा, कळतंय का.” आणि वाचायला लागला. “‘चूक बटणांत नव्हती. ती मी स्वतः तपासून घेतली होती...’”

तो थांबला. “दाजी, हात थांबला.”

मी तारेचं रीळ खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. गुरुवार, पोरगी, सगळं. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, मग दुसरा.

“का केलंत?”

“पुस्तकात अडाणी लिहिलंस.”

“अहो, ते कौतुक होतं दाजी!”

“माहितेय मला. म्हणून तर भांडता आलं नाही.”

त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. बराच वेळ पुसला. मला वाटलं आता उठून जाईल, परत तोंड बघणार नाही. पण त्याने विचारलं, “किती वेळा शिकवलं तिने?”

“तीनदा.”

“आणि मग आलं?”

“डोळे मिटून.”

“तीनदा,” तो म्हणाला. “म्हणजे पेटीबरोबर एक माणूस पाठवायचा होता. समोर बसून तीनदा दाखवायचं. एका दुपारचं काम.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “त्या दिवशी तुमचा हात नुसता थांबला असता ना, दाजी...”

पुढचं त्याने बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

परत न आलेल्या अकरा पेट्यांचे पत्ते त्याच्याकडे होते. रविवारी तो मला घेऊन गेला. “तुम्ही शिकवायचं, मी बघणार. एकाला जरी जमलं तरी मी परत उभा राहीन.” जिना चढताना त्याच्या पायांत विशीतली घाई होती.

दार एका म्हाताऱ्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी उघडलं. भोंग्याने नाव सांगितलं, पेटीचं विचारलं.

“तुमची का ती? या, या. फार सोयीची हो!”

खिडकीशी शिलाई मशीन आणि त्याच्यावर आमची पेटी, वायर भिंतीत लावलेली. सात कप्प्यांत दोऱ्याची रिळं. एकात पांढरी, एकात काळी, एकात निळी, अशी रंगवार.

“आजी, यात गोळ्या ठेवतात,” मी म्हणालो. “शिकवू का? मलाही आधी येत नव्हतं.”

“गोळ्या खालच्या मजल्यावरच्यांची सून देते, येता-जाता. बरी आहे पोर.” मग त्यांना वाटलं आपलं काही चुकलं. “तुम्हाला पेटी रिकामी करून हवीय का? करते हं.” आणि लगबगीने रिळं काढून ओच्यात घ्यायला लागल्या.

भोंग्याने त्यांचा हात धरला. “नको आजी. राहू दे.”

“मुलाने लावून दिलीय, सकाळी आठला ओरडते तेवढी.”

“तो आवाज बंद करून देतो.”

“नको रे बाबा! मी म्हणते, उठले गं बाई, उठले. दिवसभरात आपणहून हाक मारणारं दुसरं कोण आहे?” त्या हसल्या. “त्यासाठीच केली असेल ना?”

आयुष्यभर यंत्रं विकलेला तो माणूस पेटीकडे बघत राहिला.

“हो आजी,” तो म्हणाला. “त्यासाठीच.”

मग खाली वाकून त्याने त्यांच्या ओच्यातली रिळं एकेक करून परत लावली, काळी काळ्यात, निळी निळ्यात, आणि झाकण हळूच मिटलं.