केसरला मीठ कुणी लावलं?

आमच्या आयने रेवदंड्याच्या बाजारात पस्तीस वर्षं मासळी विकली. अंदाजे चार लाख मासे तिच्या हाताखालून गेले असतील. त्यांतल्या एकाचंही तिने नाव ठेवलं नव्हतं. मग केसर आली.

केसर म्हणजे ऑस्कर जातीचा वीतभर लांब मासा, काळा अंगरखा घालून त्यावर भगवा सांडलेला. चौलच्या वाडीतल्या एका बंगल्यावर आय दर शनिवारी पापलेट पोचवायची. ते लोक बंगला विकून पुण्याला गेले आणि जाताना एकशेवीस लिटरची काचेची टाकी, हवेचा पंप, दगड आणि मासा असा संसार आयच्या हवाली करून गेले. "नीराबाई, तुम्हाला माशांतलं सगळं कळतं," म्हणाले. आयला माशांतलं सगळं कळतं हे खरंच आहे. फक्त मासा मेल्यापासून पुढचं.

पहिल्या दिवशी आयने तिच्याकडे "भरेल का पाऊण किलो" अशा नजरेने पाहिलं. आठव्या दिवशी ती तिला सोललेली कोलंबी हाताने भरवत होती. केसर काचेपाशी येऊन अख्खं अंग हलवायची आणि आय बाजारातून उशिरा आली की पाठ फिरवून रुसून बसायची. मला बावीस वर्षांत सोललेली कोलंबी कुणी भरवली नाही. रुसूनही पाहिलंय.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी साडेसहाला आयची हाक आली.

"आवं! हिला मीठ कुणी लावलं?"

बाबा ओटीवर जाळं शिवत होते. त्यांचं नाव हरेश्वर. तीस वर्षं बोट हाकली, आता गुडघे हाकतात. ते आत आले, मीही आलो. केसरच्या अंगावर, परांवर, शेपटीवर पांढरे बारीक दाणे. अगदी सुकवायला काढल्यासारखी.

"मी कशाला मीठ लावीन?" बाबा म्हणाले.

"तुमाला सवय हाय."

"आगं, पाण्यातल्या माशाला मीठ लागंल कसं? इरगळंल ना!"

हा मुद्दा बिनतोड होता, त्यामुळे आय आणखी चिडली. तेवढ्यात केसर तिरकी झाली आणि दगडावर अंग खसाखस घासून आली. पर अंगाला चिकटवलेले, कल्ले भराभर उघडमीट करतायत. आयने कोलंबी पुढे केली. केसरने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आय खुर्चीत बसली. आमच्या घरात आय सकाळी साडेसहाला बसलेली मी तरी कधी पाहिली नव्हती.

बातमी कोळीवाड्यात फिरायला चार मिनिटं लागली. बाजारात आयच्या शेजारी बसणारी शकूमावशी पाटी डोक्यावर घेऊनच आत आली आणि तिने काचेला नाक लावलं.

"ताजी हाय अजून," ती म्हणाली. "आज केलीस तर आज."

"शकू, त्वांड सांभाळ."

"मी बापडी चांगलंच सांगत्ये. परवा मांजरपण घेयाची न्हाय."

आयने पदराचा बोळा करून डोळ्याला लावला. तेव्हा मला कळलं की हे प्रकरण आता मासळीचं राहिलेलं नाही.

मी अलिबागला मोबाइलच्या दुकानात काम करतो. शेजारी हेतलबेनचं रंगीत माशांचं दुकान आहे. तिला व्हिडिओ पाठवला. दोन मिनिटांत तिचाच फोन.

"विनेशभाई, हा व्हाइट स्पॉट आहे. अंगावर जंतू बसलेत. मीठ शिंपडल्यासारखं दिसतं ना? आणि घासते पण? मग तेच. पाणी अचानक थंड झालं होतं का?"

"रेवदंड्यात मे महिन्यात अचानक थंड फक्त शकूमावशीचा चहा होतो."

"मस्करी नको. घाबरू पण नको, लवकर दिसलं तर मासा वाचतो. हीटर ने माझ्याकडून. पाणी हळूहळू तीस डिग्रीवर, एका झटक्यात नाही. पंप चोवीस तास. रोज चौथा हिस्सा पाणी बदल, तळातला गाळ पाइपने ओढून. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेव. आणि मीठ."

"काय?"

"मीठ घाल. दहा लिटरला दोन चहाचे चमचे, आधी विरघळवून. पाकिटातलं आयोडीनवालं नको, जाडं मीठ."

हा निरोप मी घरी जसाच्या तसा सांगितला.

"म्हणजे सुकी करायची?" बाबांनी हळूच विचारलं.

पण जाडं मीठ म्हटल्यावर आय उभी राहिली होती. पडवीत उरणच्या मिठागरातलं अर्धं पोतं पडलेलं होतं, बोंबील-मांदेलीसाठीचं. त्या पोत्याने आजवर फक्त माशांचे अंत्यसंस्कार केले होते. आयने त्यातले चोवीस चमचे मोजले, पुन्हा मोजले, शकूमावशीला मोजायला लावले, आणि देवाच्या तांब्यात विरघळवले.

घराची बोट झाली. बाबांनी कालवणात पळी बुडवावी तसा थर्मामीटर टाकीत बुडवला आणि दर दोन तासांनी कॅलेंडरवर आकडे लिहायला लागले, जसे ते बोटीवर भरती-ओहोटी आणि वारा लिहायचे. शकूमावशी दाणे मोजायची. "डाव्या अंगाला एकसष्ट," असं ती गल्लीत ओरडून सांगायची आणि गल्ली हळहळायची. पाच दिवस लोकांनी एकमेकांना "जेवलास?" विचारायचं सोडून "किती?" एवढंच विचारलं.

आणि दाणे वाढतच होते. एकसष्टाचे नव्वद झाले. केसर पंपाखाली, हवा येते तिथे, तोंड वर करून लटकून राहायची. सहाव्या सकाळी आयने विचारलं, "विन्या, खरं सांग. जाते का ही?"

मी कॅलेंडरकडे बघत होतो, कारण आयकडे बघवत नव्हतं. म्हणूनच ते दिसलं. काल सकाळी दहा, तीस. दुपारी बारा, तीस. दोन वाजता, पंचवीस. चार वाजता, सत्तावीस. आदल्या दिवशीही तेच. त्याच्या आदल्या दिवशीही तेच.

"बाबा, बारा ते दोनमध्ये काय होतं?"

"बारा ते दोनमंदी मी झोपतो," बाबा अभिमानाने म्हणाले.

हीटर चालू, वीज गेलेली नाही, बाहेर छत्तीस डिग्री, आणि टाकीतलं पाणी रोज पाच डिग्री खाली. मी दुकानाला फोन करून "घरी आजारपण आहे" असं खरंखरं सांगितलं आणि दाराच्या मागे, मशेरीच्या डब्याशेजारी उभा राहिलो.

साडेबाराला आय बाजारातून आली. पाटी उतरवली. पाटीतल्या पापलेटांवरचा उरलेला बरफ, चांगला चार-पाच किलोचा गोळा, नळाखाली धुतला, उराशी धरून टाकीपाशी नेला आणि अलगद आत सोडला. तान्ह्या पोराला अंघोळ घालतात तसा.

"आय!"

ती एवढी दचकली की बाबांची तीस वर्षांची झोप मोडली.

"काय करतेस?"

"बरफ लावत्ये," आय म्हणाली. "ऊन किती पडलंय बघ! एवड्या उन्हात मासळीला बरफ न्हाय लावला तर टिकंल का ती? उन्हाळा सुरू झाल्यापास्नं रोज लावत्ये. एक दिस चुकले न्हाय."

मी दोन्ही हातांनी गोळा बाहेर काढला. बोटं बधिर, तोंड उघडं. मग मी तिला सांगितलं, जमेल तितक्या हळू आवाजात. मेलेल्या माशाला बरफ टिकवतो. जिवंत माशाला रोज दुपारी हुडहुडी भरते, अंगातला जोर जातो, आणि मग हे जंतू चढून बसतात. आपण सकाळी पाणी तापवतो आणि दुपारी सगळं पुसून टाकतो.

आय टाकीकडे बघत राहिली.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

शकूमावशी दारात उभी होती. तिच्याकडे यावर किमान सहा टोमणे तयार असणार, मला तिच्या गालात दिसत होते. तिने ते सगळे गिळले. "मीपण लावलाच असता गो," ती म्हणाली. "मी तर दोन गोळे लावले असते."

आयने डोळे पुसले, पदर खोचला, आणि त्या दिवसापासून बरफाची पाटी घराच्या उंबरठ्याच्या आत आली नाही. बाबांनी दुपारची झोप रद्द केली. थर्मामीटर तीसवर असा चिकटला जसा सरकारी माणूस खुर्चीला.

तीन दिवसांनी शकूमावशीने आकडा ओरडला: "बारा!" दुसऱ्या दिवशी: "न्हाय! एकपण न्हाय!" गल्लीत कुणीतरी फटाका लावला. बाबा हीटरचं बटण बंद करायला निघाले, आणि मी त्यांच्यावर झेप घेतली, कारण हेतलबेनने बजावून ठेवलं होतं: दाणे गेले म्हणजे जंतू गेले नाहीत, ते तळात पडून पिल्लं काढतात, तीच पोहत परत मासा शोधतात. आणखी दहा दिवस मीठ, ऊब, गाळ ओढणं, सगळं तसंच.

"आरं, म्हणजे बेटं पान्यात दबा धरून बसलंय," बाबा म्हणाले, आणि मिशीला पीळ देऊन पाइप हातात घेतला. दहा दिवस त्यांनी तळ असा ओरबाडला की दगड गोरे झाले.

दाणे परत आले नाहीत. पण केसर खातही नव्हती. अंग स्वच्छ, पर उघडे, आणि तोंड बंद. अकराव्या सकाळी आय बाजाराला गेलीच नाही. तिने एक कोलंबी सोलली, काळा दोरा काढला, आणि हात पाण्यात धरला. खिडकीत गल्लीतली चौदा डोकी.

केसर आली. थांबली. मग टपकन कोलंबी तोंडात घेतली.

खिडकी ओरडणार तोच तिने ती थुंकली.

शकूमावशीने तोंड उघडलं. आयने पाण्यातला हात न हलवता दुसरा हात वर केला आणि ते बंद करवलं. कोलंबी हळूहळू तळाकडे निघाली. केसर तिच्याकडे बघत राहिली, तिरकी झाली, खाली झेपावली आणि कोलंबी घेऊन आली. या वेळी गळा हलला. एकदा. दोनदा. मग ती वर आली आणि आयच्या बोटांना ढुसणी द्यायला लागली.

गल्लीत जे झालं ते मी सांगत नाही, आवाजाने समोरच्या घराचे तीन माठ फुटले असं मालकीण अजून म्हणते.

आयने डोळे पुसले नाहीत, कारण एक हात पाण्यात होता आणि दुसरा पुढची कोलंबी शोधत होता. तिने माझ्याकडे न बघता न सोललेली कोलंबी माझ्यापुढे केली.

"विन्या, सोल. माझा हात हिच्याकडं अडकलाय."